प्रश्न आला की हाक मारा

आज सकाळी आमच्या घरामागच्या कालव्यावर साय धरली. तापवून गार केलेल्या दुधावर धरते तशी. पातळ, कडेला जरा सुरकुतलेली. तिच्यावर अजून बदकसुद्धा उभं राहिलं नसतं, पण हॉलंडमधल्या या आल्मेरेतल्या लोकांना एवढं पुरतं. समोरच्या काठावरच्या आजोबांनी काठीनं टोचून पाहिलं आणि मान हलवली. कोपऱ्यावरच्या बाईंनी माळ्यावरचे स्केट्स काढून पुसायला घेतले. सायकलवरून जाणारे अनोळखी लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले. एरवी हे इथे फक्त फुटबॉलची मॅच जिंकल्यावर होतं. मी काय केलं? मी स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची उचलली आणि मागच्या बागेत नेऊन ठेवली.

"ही कशाला बाहेर?" माझ्या बायकोनं, मुग्धानं विचारलं.

"हवा लागू दे तिला. कलावंत आहे ती."

"ती आहे," मुग्धा म्हणाली आणि 'ती'वर जरा जास्तच जोर देऊन आत गेली.

बर्फ धरायला लागला की मला तो हिवाळा आठवतो. महामारीचा, रात्री नऊच्या संचारबंदीचा. सरकारचा नियम होता, घरी दिवसाला एकच पाहुणा. आता तुम्हीच सांगा, मराठी माणसानं एकाच पाहुण्याला बोलवायचं म्हणजे बाकीच्या सगळ्यांशी कायमचं वाकडं घ्यायचं. म्हणून आम्ही कोणालाच बोलावलं नाही. त्या हिवाळ्याचा वास मला अजून येतो. हाताला चोळायच्या जेलचा, मटारच्या घट्ट सुपाचा आणि दिवसभर तापलेल्या लॅपटॉपचा. ऑफिसच्या मीटिंगला मी वरून इस्त्रीचा शर्ट आणि खालून पायजमा अशा दुहेरी निष्ठेनं बसायचो. एकदा दाराची बेल वाजली म्हणून कॅमेरा चालू असतानाच उठलो, तर पुढच्या मीटिंगमध्ये आमच्या डच साहेबांनी अत्यंत आस्थेनं विचारलं, "त्या दोन दोऱ्या कशासाठी असतात?"

माणसांची अशी उपासमार चालू असताना एका दुपारी कुंपणापलीकडून भांडण ऐकू आलं.

साधंसुधं भांडण नव्हतं. एकच आवाज, पुरुषाचा, चिनी भाषेतला. चढत चढत, वेग घेत, श्वासाला उसंत न देता चाललेला. मी सदाशिव पेठेत भाड्यानं राहिलेला माणूस आहे, मला भांडणाची पारख आहे. हे भांडण वरच्या दर्जाचं होतं. पलीकडे यिंग राहते. तिची मुलगी लिन आमच्या ओवीच्या वर्गात. यिंगचे वडील तियानजिनहून नातीला भेटायला म्हणून दोन महिन्यांसाठी आले होते, तेवढ्यात विमानं बंद झाली आणि ते इथेच अडकले. वर्ष उलटलं होतं. नमस्कार-चमत्कारापलीकडे आमची ओळख नव्हती. पण म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब वाढवणारं काहीतरी चाललंय आणि आपण ऐकत बसायचं, हे मला पटेना. मी कुंपणावरून डोकं काढलं आणि इंग्रजीत विचारलं, "सर, सगळं ठीक आहे ना?"

बागेत ते एकटेच होते. गळ्यात घडी करून बांधलेला मफलर, हातात घडीचा पंखा, तोही त्या गारठ्यात. त्यांनी पंखा मिटला आणि फळ्यावर खडूनं लिहावं तशा स्वच्छ इंग्रजीत उत्तर दिलं.

"सगळं ठीक आहे. हा विनोद आहे."

हे फांग सर. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि रविवारी निवृत्त लोकांच्या क्लबात श्यांगशंग केलं. श्यांगशंग म्हणजे काय, एवढंच मला विचारायचं होतं. मी सुरुवात केली, "सर, आमच्या महाराष्ट्रात तमाशा नावाची एक परंपरा आहे, आणि तिच्यात बतावणी नावाचा एक भाग असतो..." तिथून मी सोंगाड्यावर आलो, सोंगाड्यावरून लोककलेच्या सामाजिक भूमिकेवर, आणि वाटेत कॉलेजातल्या एकांकिकेत मला मिळालेल्या उत्तेजनार्थ बक्षिसापाशी जरा थांबलो. दोष माझा नाही. मी पुण्याच्या व्याख्यानमालांत घडलोय. तिथे वक्त्याचं भाषण ही श्रोत्यांच्या प्रश्नांची प्रस्तावना असते. शेवटी कोणीतरी उठतं, "मला एक छोटासा प्रश्न विचारायचा आहे" म्हणतं, आणि बाकीचे लोक चपला शोधायला लागतात.

फांग सरांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग विचारलं, "प्रश्न कुठे आहे?"

"येतोय, सर."

"ठीक आहे. मी आत जाऊन चहा पितो. प्रश्न आला की हाक मारा."

आणि खरोखरच आत गेले! आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुग्धाचं जे हसू ऐकू आलं ते मी त्या सबंध हिवाळ्यात ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं मीही तिला हसवत होतो, असा माझा समज होता.

दुसऱ्या दिवसापासून आमचा तास सुरू झाला. वेळ दुपारच्या जेवणानंतरची. जागा कुंपण, छातीएवढं लाकडी कुंपण, त्याच्या अलीकडे मी, पलीकडे सर. दीड मीटरचं अंतर आपोआप. भाषा इंग्रजी. नियम त्यांचे: प्रश्न एका वाक्याचा, शेवटी प्रश्नचिन्ह, मग गप्प. उत्तर पूर्ण वाक्यात.

"श्यांगशंगमध्ये किती माणसं असतात?"

"श्यांगशंगमध्ये बहुतेक वेळा दोन माणसं असतात."

"ती काय करतात?"

"ती उभी राहून बोलतात."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्हीही एवढंच करता, शेजारी. पण तुमच्याकडे कोणी तिकीट काढून येत नाही."

मला ते 'शेजारी' म्हणायचे. माझं नाव त्यांनी एकदा विचारलं होतं, पण त्याचं उत्तर मी गावाच्या इतिहासापासून सुरू केल्यामुळे त्यांनी ते सोडून दिलं.

त्या दुपारींनी मला काय दिलं म्हणून सांगू! मान मुरडून नाक पिसांत खुपसलेली बदकं, खाली आलेलं राखाडी आभाळ, मफलरमधून निघणारी सरांच्या बोलण्याची वाफ, आणि एकेका उत्तरानं उघडत जाणारी एक आख्खी दुनिया. मधे एक टेबल, त्यावर पंखा, रुमाल आणि आपटायला लाकडी ठोकळा. एक जण गंमत सांगत सुटतो, दुसरा बाजूला उभा राहून "असं?", "हो का?", "मग पुढे?" म्हणतो. बस. दुसऱ्यानं हसायचं नाही, घाई करायची नाही, पहिल्याच्या पुढे पळायचं नाही. सर म्हणाले, आमच्याकडे मानतात की गमतीत तीन वाटे सांगणाऱ्याचे आणि सात वाटे सांभाळणाऱ्याचे. मी म्हटलं, म्हणजे क्रिकेटमध्ये दुसऱ्या टोकाला उभा राहून एकेक धाव काढून देणारा फलंदाज. सरांना क्रिकेट माहीत नव्हतं. ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी चहा पिऊन घेतला.

मग एके दिवशी सर वहीत एक किस्सा इंग्रजीत उतरवत असताना मी, मला वाटतं, माझ्या आयुष्यातला पहिला चांगला प्रश्न विचारला. "सर, तुम्ही हे सगळं इंग्रजीत का जुळवताय?"

पंखा उघडला, मिटला. "कारण माझ्या नातीला चिनी समजतं तेवढ्यात फक्त जेवण होतं," ते म्हणाले. "जेव, स्वेटर घाल, झोप. यात गंमत करता येत नाही. इंग्रजी तिला समजतं. ती माझ्याशी फार सभ्य वागते, शेजारी. वर्ष झालं, सभ्यच वागते. मी वर्गात हसू द्यायचो नाही. मुलं खिडकीबाहेर जाऊन हसायची. त्या शाळेची शिक्षा आता मिळतेय. जाण्याआधी तिला माझ्यामुळे एकदा हसू यावं. सभ्यपणे नाही, खरं."

 ओवीचं आणि माझं तरी काय होतं? मी मराठीत गोष्ट सांगायचो, ती डचमध्ये विचारायची, "अजून खूप आहे का?"

"तुमचा जोडीदार कुठे असतो?" मी विचारलं.

"तियानजिनला. रसायनशास्त्राचा शिक्षक. त्याला आता नीट ऐकू येत नाही."

"मग जोडी कशी चालते?"

"उत्तम. माझे ओठ थांबले की तो बोलतो." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुम्हाला ऐकू येतं. ती अडचण आहेच. पण दुसरं कोणी नाही. तुम्ही बाजूला उभे राहाल?"

राहीन म्हणजे? मी तर उडालोच! फक्त माझा एक बारीकसा गैरसमज झाला. मला वाटलं, बाजूला उभं राहून मध्येमध्ये विनोद करायचे आहेत.

तालमींचं वर्णन मी करत नाही, मुग्धा करते. आलेगेलेल्यांना अजून करून दाखवते. सरांचं वाक्य अर्ध्यात असताना मी हसायचो. कारण पुढचं मला माहीत असायचं आणि ते चांगलं असायचं. सर श्वास घ्यायला थांबले की त्या फटीत मी माझा एक विनोद सारायचो. आणि कळस म्हणजे, शेवटचं वाक्य जवळ आलं की तहान लागल्यासारखं ते माझ्याच तोंडातून बाहेर पडायचं.

"लग्नात भटजींचे मंत्रसुद्धा हा पूर्ण करत होता," मुग्धा कुंपणापाशी येऊन सरांना म्हणाली. "आणि चुकीचे."

"यांना बदलून मिळतं का?" सरांनी विचारलं.

"मी चौकशी केलीय, सर. नाही मिळत."

लिनपुढचा पहिला प्रयोग त्यांच्या बैठकीच्या खोलीत झाला. दिवसाचा एकुलता एक पाहुणा म्हणून माझी कायदेशीर नेमणूक झाली. लाकडी ठोकळ्याऐवजी पर्यटकांच्या दुकानातला लाकडी डच बूट टेबलावर ठेवला होता. लिन पाय जवळ घेऊन, हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात बसतात तशी बसली. सरांनी तियानजिनच्या क्लबात हमखास टाळ्या घेणारा जुना किस्सा इंग्रजीत आणला होता. कंजूष माणसाचा आणि त्याच्या सासऱ्याचा. सर रंगात आले, आवाज चढला, बूट आपटायला उचलला, आणि शेवटचं वाक्य मी बोलून टाकलं.

बूट हवेतच राहिला. लिननं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "यात गंमत काय आहे?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, हीच तर पंचाईत. सरांमधला शिक्षक जागा झाला. चीनमधली सासऱ्याची प्रतिष्ठा, मेजवानीत कोणी कुठे बसायचं, सगळं त्यांनी क्रमानं समजावलं. लिननं शेवटपर्यंत ऐकलं, "धन्यवाद, लाओये" म्हणाली आणि वर खोलीत गेली. लाओये म्हणजे आईचे वडील. इतकं नीटनेटकं 'धन्यवाद' मी आजवर ऐकलेलं नाही. सरांनी बूट हळूच खाली ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही.

त्याच आठवड्यात यिंगला त्यांचं परतीचं तिकीट मिळालं.

आणि मग बर्फ पडला. नुसता पडला नाही, राहिला! रात्रीत सायकली गाडल्या गेल्या, कालवा दगड झाला, आणि वर्षभर घरात कोंडलेला हा देश बूट बांधून पाण्यावर उतरला. दीड मीटर सांभाळत, पण उतरला. काय ते ऊन! काय ते पात्यांचे बर्फावरचे खर्र खर्र आवाज! कोणी थर्मासमधून चॉकलेट ओततंय, कोणी बाळाला घसरगाडीवर ओढतंय, ऑफिसची मीटिंग चालू ठेवून कोणी कानात इयरफोनची बोंडं घालून स्केटिंग करतंय (माझ्या साहेबांना मीटिंगमध्ये धाप लागत होती म्हणून मी ओळखलं). योगायोग असा की चिनी नववर्षही त्याच आठवड्यात आलं. यिंगनं कुंपणावर लाल कागदी कंदील टांगला आणि आम्हाला मोदकाच्या चुलतभावांसारखे दिसणारे उकडलेले डंपलिंग कुंपणावरून दिले.

इथे मुलं बर्फावर उभं राहायला शिकतात ती स्वयंपाकघरातली खुर्ची ढकलत. ओवी तशीच शिकली होती, आणि आता ती आणि लिन भिंगऱ्या होऊन फिरत होत्या. सगळं आल्मेरे बघत असताना मी आमची खुर्ची घेऊन कालव्यावर उतरलो. माझ्या मागे तीन वर्षांचं एक बाळ त्याच्या खुर्चीसह उतरलं आणि मला मागे टाकून गेलं. मी खुर्चीच्या पाठीला असा काही बिलगलो होतो की आईनं पाहिलं असतं तर तिला माझा शाळेचा पहिला दिवस आठवला असता. पाय दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांकडे निघाले होते.

तेवढ्यात पाठीमागून सळसळत एक आकृती आली, वळली आणि माझ्यासमोर अलगद थांबली. हात पाठीमागे, मफलर जागेवर. तियानजिनच्या गोठलेल्या नदीवर लहानाचे मोठे झालेले फांग सर! त्यांनी एक हात खुर्चीवर ठेवला. आता खुर्चीच्या त्या बाजूला ते, या बाजूला मी. मधे खुर्ची, म्हणजे आमचं टेबल.

माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. मी पडायला इतका घाबरलो होतो की बोलणं शक्यच नव्हतं. हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचे डोळे चमकले.

"शेजारी," ते मोठ्यानं म्हणाले, "मी या देशात पाहुणा म्हणून आलो."

"हं," मी म्हणालो. याहून मोठा शब्द काढला असता तर तोल गेला असता.

"दोन महिन्यांसाठी."

"हं."

"वर्ष झालं."

"हं?"

हा 'हं' माझा नव्हता, माझ्या गावचा, कऱ्हाडचा होता. लहानपणी लोडशेडिंगच्या संध्याकाळी आमचे आजोबा, तात्या, अंधारात गोष्ट सांगायचे, आणि आम्ही भावंडांनी हुंकार द्यायचा असा दंडक होता. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. इतक्या वर्षांनी तो भीतीच्या मारे, मराठीतून, आपोआप बाहेर पडत होता.

"सरकार म्हणतं, घरी दिवसाला एकच पाहुणा."

"हं... मग?"

"माझी मुलगी कायदा पाळणारी. म्हणाली, बाबा, तो एक तुम्हीच! आता आमच्याकडे दुसऱ्या कोणाला येता येत नाही."

लिन थांबली. ओवी तिच्यावर आदळली. दोघी बघायला लागल्या.

"फक्त एक माणूस येतो."

"हं?"

"शेजारचा."

"मग... कायदा?"

"कायदा पाहुण्यांना आहे, शेजारी! पाहुणा बोलावल्यावर येतो. हे न बोलावता येतात. पाहुण्याला विचारल्यावर तो बोलतो. हे न विचारता बोलतात."

"हं..."

"आणि पाहुणा शेवटी जातो." सरांनी कोटाच्या खिशातून लाकडी बूट काढला. हो, खिशात होता! खुर्चीच्या बैठकीवर खाडकन आपटला. "आता जगातले दोन पाहुणे जात नाहीत. एक मी, आणि एक हे! मला निदान विमान मिळत नव्हतं. यांचं तर घर शेजारी आहे!"

लिन हसली. आधी नाकातून एक फुरफुर, मग हातमोजा तोंडावर, मग हातमोजा सुटला आणि ती गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, दम लागेपर्यंत हसली. सभ्यपणाचा मागमूस नव्हता. आणि तिच्या हसण्याकडे सर बघत राहिले. इतके बघत राहिले की खुर्चीवरचा हात काढून घेतल्याचं त्यांना कळलंच नाही.

मी कसा पडलो ते मुग्धाच्या फोनमध्ये आहे. ती म्हणते, लिन त्यालाच हसली. साफ खोटं! हसू आधी, मी नंतर. सरांनीही माझ्या बाजूनं साक्ष दिली. मी आडवा असतानाच ते वाकून म्हणाले, "आज तुम्ही उत्तम होता."

"परत, लाओये!" लिन ओरडली. "परत करा!" आणि मी उठायच्या आत तिनं माझी खुर्ची पकडली, आजोबांसमोर उभी राहिली, चेहरा माझ्यासारखा भेदरलेला केला आणि म्हणाली, "हं?"

पुढचे काही दिवस कालव्यावर तेच चाललं होतं. लिन आणि ओवीमध्ये भांडणं व्हायची ती 'हं' कोणी म्हणायचं यावरून. विनोद करायला कोणीच तयार नव्हतं. तो उरलेल्यानं करायचा. बर्फ वितळला, कालव्यात पुन्हा बदकं आली, आणि एका सकाळी सर दोन मास्क लावून, मोठी पेटी घेऊन विमानतळावर निघाले. निरोपाला कुंपणापाशी आले. माझ्या पोटात एक प्रश्न होता, एका वाक्याचा. पण मी हवामानावर बोलत राहिलो. बरंच बोललो. यिंगनं गाडीचा हॉर्न वाजवला.

एवढं आठवत मी आज बागेत खुर्चीवर बसून होतो. सूर्य घरामागे सरकला, कालव्यावरची साय जराशी जाड झाली. पलीकडे लिन आली. आता ती कुंपणाहून उंच दिसते. रविवार होता, रविवारी ती कुंपणाला पाठ टेकून, फोन समोर धरून तियानजिनला लावते. तिच्या खांद्यावरून पडद्यावर मफलर दिसला आणि पंखा. सर सांगत होते की त्यांचा बहिरा जोडीदार नवीन यंत्र कानात घालून आलाय, आणि आता त्याला ऐकू येत असल्यामुळे जोडी मोडायची वेळ आलीय.

"हं," लिन म्हणाली. चिनी नाही, डच नाही. शुद्ध कऱ्हाडी हुंकार. "मग?"

मला मध्येच एक फार चांगला विनोद सुचला होता. मी तो गिळला. गिळायला बराच वेळ लागला.

सरांना माझी टोपी दिसली असावी. "शेजारी आहेत का तिथे?" त्यांनी विचारलं. "त्यांना विचार, त्यांचा प्रश्न आला का? केव्हाचा चहा पितोय मी."

मी उठून कुंपणापाशी गेलो.

"सर, परत कधी येताय?"

एक वाक्य, शेवटी प्रश्नचिन्ह, मग गप्प. पलीकडे पंखा हळूहळू उघडला आणि त्यांच्या तोंडासमोर थांबला. उत्तर पूर्ण वाक्यात येणार, हे मला ठाऊक होतं. मी थांबलो. कालव्यावर बर्फ कुठेतरी बारीक तडकला.

"मग?" लिन म्हणाली.